घडीचा कॅमेरा घेऊन देवगिरी आणि वेरूळ

आधी परवानगीचं बोलतो. देवगिरी आणि वेरूळ दोन्ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. हातात धरून फोटो काढायला कुणी अडवत नाही, पण ट्रायपॉड लावायचा तर आगाऊ लेखी परवानगी लागते. माझा घडीचा फोर बाय फाइव्ह कॅमेरा (चार बाय पाच इंचांची सुटी फिल्म घेणारा) ट्रायपॉडशिवाय निरुपयोगी, तेव्हा निघण्याच्या बरेच दिवस आधी अर्ज करा आणि मंजुरीचा कागद सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा.

आम्ही हिवाळ्यात मुंबईहून रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने गेलो. विमान मुद्दाम टाळलं, कारण विमानतळांवरच्या नव्या सीटी स्कॅनरमधून न धुतलेली फिल्म गेली की ती धुरकटते. माझा लाकडी फील्ड कॅमेरा दीड किलोच्या आसपास आहे आणि मिटला की जाड ग्रंथाएवढा होतो. लिनहॉफ टेक्निकासारखा धातूचा कॅमेरा अडीच किलोच्या वर जातो. तो स्वतःच्याच पेटीत मिटतो, त्यामुळे भात्याला (लेन्स आणि पाठ जोडणाऱ्या घड्यांच्या नळीला) धक्का लागत नाही, पण गड चढायचा असेल तर मी लाकडीच घेईन.

छत्रपती संभाजीनगर शहरापासून देवगिरी साधारण 15 किलोमीटर. माझ्यासाठी तिथलं सगळ्यात मोठं आकर्षण चांदमिनार. साधा कॅमेरा वर रोखला की मिनार मागे कलंडलेला दिसतो. इथे कॅमेऱ्याची पाठ ओळंब्यात ठेवायची आणि फक्त लेन्सची पाटी वर सरकवायची. ग्राउंड ग्लासवर (पाठीच्या दुधी काचेवर) उलटं दिसणारं मिनाराचं टोक हळूहळू चौकटीत येतं आणि कडा सरळच राहतात. लेन्स वर सरकवायच्या या सोयीसाठी, म्हणजे राइजसाठीच तर हा कॅमेरा वाहायचा. मात्र लेन्सचं इमेज सर्कल, म्हणजे ती फिल्मवर पाडते त्या प्रतिमेचं वर्तुळ, तपासून घ्या. जुना 90 मि.मी. अँग्युलॉन फोर बाय फाइव्हला जेमतेम पुरतो, त्याच्यात लेन्स सरकवायला जागाच नाही. f/8 चा सुपर अँग्युलॉन 216 मि.मी.चं वर्तुळ देतो, तो न्या. गडावर वारा असतो आणि भाता वारा धरतो, म्हणून ट्रायपॉड बुटका ठेवा, मधला दांडा वर काढू नका.

मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. सहाव्या निजामांचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी हीच ठिकाणं काचेच्या प्लेटांवर टिपली. त्यांच्या लवाजम्याच्या मानाने आपलं ओझं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी वेरूळ. लेणी पश्चिमाभिमुख आहेत, त्यामुळे दर्शनी भागावर ऊन दुपारनंतर येतं. बहुतेक जण त्या उन्हाची वाट पाहतात. मला कैलासाच्या अंगणात सकाळची सावलीच जास्त आवडते. तिन्ही बाजूंच्या कड्यांमुळे उजेड मऊ होतो, शिल्पांच्या खोबणीतला तपशीलही फिल्मवर उतरतो आणि उजेड-सावलीतला फरक आवाक्यात राहतो. ध्वजस्तंभासमोर मागे सरकायला जागा कमी आहे, तिथे 90 मि.मी.च कामाला येतो. मी काळ्या कापडाखाली असताना सहलीला आलेली शाळेची मुलं जमली. एकेकाला आत डोकावू दिलं. “काका, हत्ती तर उलटाच की हो!” असं म्हणत एक मुलगी दुसऱ्यांदा रांगेत उभी राहिली.

दुपारी दहाव्या लेण्यात गेलो. दर्शनी खिडकीतून येणारा उजेड तेव्हा स्तूपासमोरच्या बुद्धमूर्तीकडे झुकतो. आतल्या अंधारात ग्राउंड ग्लासवर काहीच कळत नाही. यावर उपाय म्हणजे सोबत्याला मोबाइलचा टॉर्च लावून खांबाशेजारी उभं करा आणि त्या ठिपक्यावर लूपने (भिंगाने) फोकस साधा. फ्लॅश बंदच ठेवायचा. एफपी4 प्लस या कृष्णधवल फिल्मला लांब एक्स्पोजरमध्ये जास्त वेळ द्यावा लागतो: लाइट मीटरने 10 सेकंद सांगितले तर 18, आणि 30 सांगितले तर साधारण 72. हे आकडे कागदावर लिहून न्या. एवढ्या वेळात चालत जाणारी माणसं फिल्मवर उमटतच नाहीत, रांगेतली गर्दी आपोआप पुसली जाते.

धुळीची काळजी मात्र मनापासून घ्या. एक्स्पोजरआधी फिल्मवर बसलेला कण प्रिंटवर काळा ठिपका होऊन येतो, आणि इकडची धूळ बारीक असते. होल्डर (दोन्ही बाजूंना एकेक फिल्म भरायच्या चपट्या चौकटी) झिपच्या पिशव्यांत ठेवा. फिल्म रात्री लॉजच्या न्हाणीघरात भरा. आधी थोडं गरम पाणी सोडून वाफेने धूळ खाली बसू द्या आणि दाराच्या फटीला टॉवेल लावा. पाच-सहा होल्डर, म्हणजे 10-12 फिल्म, एका दिवसाला भरपूर होतात. होल्डरच्या झाकणाची, म्हणजे डार्क स्लाइडची, पांढरी बाजू बाहेर म्हणजे कोरी फिल्म, काळी बाजू बाहेर म्हणजे वापरलेली, ही शिस्त दमलेलं असतानाही मोडू नका.

वेरूळ मंगळवारी बंद असतं. म्हणून मंगळवारी देवगिरी आणि बुधवारी वेरूळ असा बेत ठेवा. शनिवार-रविवारच्या गर्दीत ट्रायपॉड लावायला जागा मिळणं कठीण.