आईची उंची आणि ‘वजन जास्त’चा कागद

चोपड्याजवळच्या आमच्या गावात आईला भेटणारा प्रत्येक जण ‘बरे झाले, वजन उतरले, आता गुडघ्यांना आराम पडेल’ असे म्हणत होता, आणि बरेच दिवस मलाही तसेच वाटत होते. आईचे वय ७४. आठ महिन्यांत तिचे वजन ६१ किलोवरून ५४ वर आले होते. पण आराम पडण्याऐवजी खाटेवरून उठताना तिला माझा हात लागू लागला आणि दुपारी ओट्यावर शेजारणींबरोबर बसणे बंद झाले. तेव्हा मी तिला शहरातील एका रुग्णालयात नेले.

केसपेपर निघाला, रक्त तपासून झाले, साखर आणि थायरॉईड ठीक निघाले. घोडे अडले ते वजन-उंचीच्या टेबलाशी. आईच्या पाठीला बाक आहे. टाचा भिंतीला टेकवल्या तरी डोके पट्टीपासून वीतभर पुढेच राहत होते. कर्मचाऱ्याने डोक्यावर तळहात आडवा धरून १४२ सेंटिमीटर लिहिले. संगणकाने किलोंना मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले, २६.८ हा आकडा काढला आणि कागदावर ‘वजन जास्त’ असे उमटले. आहारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी मागितली, तर भात आणि तेल कमी करा, एवढेच सांगण्यात आले. सात किलो आपोआप गेले आहेत, हे मी तीनदा सांगितले. त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही, असे उत्तर मिळाले. जी बाई अर्धी भाकरी कशीबशी संपवते, तिला कमी खायला सांगणारा तो कागद हातात धरून आम्ही परतीची एसटी पकडली. त्या दिवसाचा संताप अजून गेलेला नाही. दुसऱ्या खेपेला, अकरानंतर वजन होत नाही म्हणून, टेबलावरूनच परत पाठवले.

तिसऱ्या खेपेला एका वयस्कर सिस्टरने आईचे दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटांच्या टोकांमधले अंतर टेपने मोजले. ते १५० भरले. तरुणपणीची उंची साधारण तेवढीच असते, त्यामुळे ती धरल्यावर २६.८ चा आकडा २४ वर आला. त्यांच्याच सांगण्यावरून डॉक्टरांनी जुने कागद पाहिले. सहा महिने ते वर्षभरात वजन न ठरवता ५ टक्क्यांहून अधिक उतरले तर कारण शोधलेच पाहिजे, असे ते म्हणाले; आईचे ११ टक्क्यांहून अधिक उतरले होते. म्हणून घरातले जुने केसपेपर कधीही फेकू नका, आमचे काम त्यांच्यामुळेच झाले.

कारण तोंडात होते. हिरड्या आकसल्याने कवळी सैल झाली होती आणि आई भाकरी सोडून चहात बुडवलेल्या खारीवर दिवस काढत होती. चरबीबरोबर मांडीचे स्नायूही झिजले होते. कवळी नवी करून घेतली. दिवसाला ५५ ते ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत म्हणून वरणात कुस्करलेली कळण्याची भाकरी, दही, अंडी आणि मुगाची धिरडी सुरू केली. शिवाय खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठण्याचा व्यायाम.

आज वजन ५६.५ किलो आहे, आई खाटेवरून आपली आपण उठते आणि दुपारी ओट्यावर लसूण सोलत बसते. तो १४२ चा आकडा मात्र तिच्या केसपेपरवर तसाच आहे. पुढच्या तारखेला तो खोडून घेतल्याशिवाय मी त्या टेबलापासून हलणार नाही.