लेव्हनवर्थचा कॅलायोपी: गळा नंतर, आधी शेपूट बघा

सिअ‍ॅटलच्या अंगणात बारा महिने दिसतो तो अ‍ॅनाज हमिंगबर्ड. त्याचाच चिमुकला भाऊबंद, कॅलायोपी हमिंगबर्ड बघायचा तर कॅस्केड्सची डोंगररांग ओलांडून कोरड्या बाजूला जावं लागतं. मेच्या मध्यावर आम्ही यूएस २ महामार्गाने स्टीव्हन्स पासचा घाट चढून लेव्हनवर्थ गाव गाठलं. घाट उतरताच पाँडेरोसा पाइन सुरू होतात आणि डोंगरउतार बालसमरूटच्या फुलांनी पिवळे झालेले असतात.

गावातली बव्हेरियन थाटाची दुकानं नंतर बघा. शनिवारी दहानंतर पार्किंग मिळणं मुश्कील. सकाळी थेट फिश हॅचरीपाशी (माशांच्या पैदास केंद्रापाशी), आइसिकल क्रीकच्या सपाट पायवाटेवर जा.

कॅलायोपीचं वजन जेमतेम अडीच ग्रॅम, म्हणजे अमेरिकेतल्या एका सेंटच्या नाण्याएवढं. एवढासा जीव हिवाळ्यात पार मेक्सिकोच्या नैऋत्य भागात जाऊन येतो! त्याला फुलांवर शोधू नका, विलोच्या झुडपाची सगळ्यात वरची सुकी काडी बघा. नर तिथे पहारा देत बसतो आणि उडाला तरी बहुतेक वेळा त्याच काडीवर परततो. आमच्यासमोरच्या नराचा गळा आधी काळपटच वाटला. मान वळवली आणि पांढऱ्यावर किरमिजी रेघा पेटल्या. इतर जातींसारखा सलग पट्टा नाही, सुट्या रेघा. मादीला खूश करायला तो उंच जाऊन इंग्रजी यू काढत खाली सूर मारतो, तेव्हा तळाशी बारीक ‘बझ्झ’ ऐकू येतं.

खरी परीक्षा मादी ओळखण्याची. तिथे रंगावर जाऊ नका, कारण रूफस या दुसऱ्या हमिंगबर्डची मादीही कुशीला तांबूसच असते. बसलेली असताना शेपूट बघा: कॅलायोपीची इतकी आखूड, की मिटलेल्या पंखांची टोकं तिच्या जरा पुढे जातात. रूफसची शेपूट पंखांच्या पुढे निघते. चोच आणि डोळा यांच्यामधली बारीक पांढरी रेघही मदतीला येते.

८ बाय ४२ ची दुर्बीण पुरते. फोनवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. विणीचे दिवस असतात. गवतातून आल्यावर पायांवर गोचीड तपासा. आइसिकल रोडने पुढे फॉरेस्ट सर्व्हिसच्या ट्रेलवर जाणार असाल तर बऱ्याच ठिकाणी नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास लागतो. जुलैपर्यंत थांबू नका, नर लवकर निघतात. आणि रविवारी दुपारी परतणार असाल तर डबा सोबत ठेवा, यूएस २ वर गाड्या तुंबतात.