एकेकीची साय

दुपारी दुधाच्या पातेल्यावरचं झाकण उचललं आणि हिरमुसलो. साय म्हणून जे काही होतं, ते फुंकर मारली तर बाजूला सरेल इतपतच. वेष्टनावर ‘होमोजिनाइज्ड’ असं स्पष्ट छापलेलं असल्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. ओग्युस्त गोलँ या फ्रेंच माणसानं १८९९ साली दूध बारीक फटीतून जबर दाबानं ढकलणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. तेव्हापासून सायीचे दिवस फिरले. गाईच्या दुधातला फॅटचा थेंब सरासरी तीन-चार मायक्रोमीटरचा. यंत्रातून निघाला की तो फुटून इतका बारीक होतो की वर यायचंच विसरतो.

पण माझा खरा राग त्या यंत्रावर नाही. सगळ्या गाईंचं दूध एका टाकीत ओतलं जातं, त्यावर आहे.

आजीच्या गोठ्यात दोन गाई होत्या, गौरी आणि कपिला. आजी दोघींचं दूध वेगवेगळ्या पातेल्यांत ठेवायची. का, ते कुणी विचारलं नाही. चारा एकच, पाणी एकच, धार काढणारे हातही तेच. तरी गौरीच्या पातेल्यावर बोट रुतावं अशी साय यायची आणि कपिलेच्या दुधावर आपली नावापुरती. मी अर्थातच गौरीच्या पातेल्यावर टपलेला असे. आजी म्हणायची, “स्वभाव असतो रे एकेकीचा.” गौरी गरीब आणि कपिला लाथाळ, तेव्हा मला ते तंतोतंत पटायचं.

आता कळतं की स्वभाव म्हणणं फारसं चूक नव्हतं. एकाच गोठ्यात, एकाच चाऱ्यावर असलेल्या गाईंच्या दुधातही थेंबांचा आकार वेगवेगळा निघतो. एकीचे मोठे, एकीचे बारीक. दुप्पट व्यासाचा थेंब चौपट वेगानं वर येतो, हे साधं भौतिकशास्त्र. म्हणून फॅटचा आकडा सारखा असूनही दोन पातेल्यांवरचं दृश्य सारखं दिसेलच असं नाही. दुधातलं फॅट मोजायची गर्बरची नळी फॅट किती ते सांगते, कसं ते सांगत नाही. ‘किती’मागचं एक कारण २००२च्या सुमारास सापडलं: डीजीएटी-१ नावाच्या जनुकात फरक पडून प्रथिनात एका जागी लायसिन येतं की अलॅनिन (दोन्ही अमिनो आम्लं), एवढ्यानं फॅटची टक्केवारी वरखाली होते. कपिलेकडे काय होतं कोण जाणे. तिला कुणी विचारलं असतं तर लाथच मिळाली असती.

शिवाय थेंब नुसता थेंब नसतो. कासेतल्या पेशीतून बाहेर पडताना तो त्या पेशीचं आवरण अंगाभोवती गुंडाळून निघतो. बारीक थेंब जास्त म्हणजे आवरणही जास्त. म्हणजे साय कमी देणारी कपिला दुसरंच काही जास्त देत असणार, आणि आम्ही मात्र तिला नावं ठेवत होतो.

आतला मालही एका ठिकाणचा नाही. फॅट ज्यांचं बनतं त्या स्निग्धाम्लांपैकी आखूड साखळीची कासेतच तयार होतात, कोटीपोटातले (गाईच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यातले) सूक्ष्मजीव चाऱ्यातून जे देतात त्यातून. लांब साखळीची, चाऱ्यातली धरून, रक्तातून येतात. हिरवा चारा भरपूर असला की लोणी मऊ लागतं, ते यामुळे.

आणि गाय नुकतीच व्यायलेली असली, की खाल्लेलं पुरत नाही. मग ती अंगावरची चरबी वितळवते आणि तीच दुधात उतरते. गौरी व्यायली की थोड्याच दिवसांत तिच्या बरगड्या दिसायला लागायच्या. आजी तिला जास्तीचं आंबोण घालायची, पाठीवरून हात फिरवायची. मी तेव्हा चमचा घेऊन पातेल्याशी उभा असायचो. साय त्याच दिवसांत सर्वांत जाड यायची असं मला आठवतं.