सार्डिनच्या बश्या कोण मांडतं?

लंडनमध्ये नाटकाचा प्रोग्राम विकत घ्यावा लागतो. तिकिटाला आधीच इतके पाउंड मोजल्यावर वर ते पुस्तक वेगळं घ्यायचं, हे सदाशिव पेठेत वाढलेल्या पोटाला पचणं कठीणच. सुरुवातीची बरीच वर्षं मी तो घेतलाच नाही. शेजारचा खुर्चीवर विसरून गेला तर उचलायचा (हसू नका, तुम्हीही उचलला असता). 'नॉइजेस ऑफ'चा मात्र रीतसर पैसे देऊन घेतला. त्या नाटकाचा लेखक मायकल फ्रेन इतका खट्याळ आहे, की नाटकाच्या आत जे नाटक चालतं त्याचाही खोटा प्रोग्राम त्याने लिहून ठेवला आहे. खोट्या नटांचे खोटे परिचय, वर फार्सवर एक गंभीर लेख, तोही खोटा!

मी हे नाटक २०२३च्या सुरुवातीला फिनिक्स थिएटरात पाहिलं. चेअरिंग क्रॉस रोडवरचं १९३० सालचं थिएटर, हजाराच्या आसपास खुर्च्या. म्हणजे साधारण आपलं पुण्याचं बालगंधर्वच, फक्त पाय ठेवायला जागा कमी आणि मध्यंतरात बटाटेवड्याऐवजी एवढ्याशा डबीतलं आइस्क्रीम. मूळ नाटक १९८२चं. लिरिक हॅमरस्मिथला मायकल ब्लेकमोरने बसवलं, मग सॅव्हॉय थिएटरात गेलं आणि तिथे जवळपास पाच वर्षं चाललं. चाळीस वर्षं झाली म्हणून आधी बाथला आणि मग लंडनला हे पुनरुज्जीवन झालं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक फिरती कंपनी 'नथिंग ऑन' नावाचा फार्स घेऊन दौऱ्यावर निघाली आहे. पहिल्या अंकात रंगीत तालीम. रात्र उलटून चालली आहे, दुसऱ्या दिवशी पहिला प्रयोग आहे आणि धड कोणालाच काही येत नाही. दुसऱ्या अंकात अख्खा सेट उलटा फिरवलेला. आता प्रेक्षक विंगेच्या बाजूला. महिना लोटला आहे, कंपनीतली प्रेमप्रकरणं फिसकटली आहेत, पुढे दुपारचा प्रयोग चालू आहे आणि म्हणून मागे सगळी भांडणं आवाज न करता चालली आहेत. एकमेकांच्या बुटांच्या नाड्या बांधून ठेवण्यापर्यंत मजल. तिसऱ्या अंकात पुन्हा समोरून, दौऱ्याचं शेवटचं टोक, आणि नाटकाचे नुसते तुकडे उरलेले. फ्रेनला ही कल्पना १९७० साली सुचली. त्याच्याच एका नाटकात लिन रेडग्रेव्ह आणि रिचर्ड ब्रायर्स काम करत होते, आणि तो प्रयोग विंगेतून बघताना त्याला जाणवलं की समोरून दिसतं त्यापेक्षा मागून हे जास्त विनोदी आहे.

पुरुषोत्तम करंडकाला, म्हणजे पुण्याच्या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, कधी बॅकस्टेज केलेल्या कोणालाही हे सांगायला लेखक लागत नाही. मीही केलं आहे. भरत नाट्य मंदिराच्या विंगेत अंधारात तांब्या-भांडं धरून उभी राहणारी ती मीच.

फिनिक्समध्ये डॉटी ही म्हातारी होत चाललेली नटी केली होती फेलिसिटी केंडलने. हे नाव वाचून तुमच्यातल्या काहींचे कान टवकारले असतील. जेनिफर केंडल-कपूरची ही धाकटी बहीण, म्हणजे शशी कपूरची मेहुणी. त्यांचे वडील जेफ्री केंडल 'शेक्सपियराना' नावाची नाटक कंपनी घेऊन भारतभर फिरले. शाळा, क्लब, संस्थानिकांचे राजवाडे, जिथे बोलावणं येईल तिथे. पोरगी नऊ महिन्यांची असताना तिला रंगमंचावर आणलेली. १९६५च्या 'शेक्सपियरवाला' सिनेमात या कुटुंबाची सावली आहे आणि त्यात फेलिसिटी स्वतःच आहे. जुहूचं पृथ्वी थिएटर शशी आणि जेनिफरने १९७८ साली उभं केलं, ते त्याच घराण्याचं. आता गंमत बघा. 'नॉइजेस ऑफ'मधली डॉटी ही दौऱ्यात स्वतःची पुंजी घालून बसलेली बाई. तिचा फार्स बुडाला तर ती बुडाली. हे काम कोणाला दिलं, तर जिचं लहानपणच फिरत्या कंपनीच्या ट्रंकांमध्ये गेलं तिला. सत्तरी केव्हाच ओलांडलेली ती बाई सार्डिन माशांची बशी घेऊन येते, फोन उचलते, बशी ठेवायची की परत न्यायची ते विसरते, आणि तिच्या चेहऱ्यावर घाबरगुंडी नसते. दौऱ्यात मुरलेल्या नटीचा तो एक थकलेला वैताग असतो. मी त्यासाठी परत तिकीट काढलं असतं, पण आमच्या घरात हिशेब माझ्याकडे नसतो.

बाकीचेही कच्चे नव्हते. अलेक्झांडर हॅन्सनने नाटकातला दिग्दर्शक केला होता, मॅथ्यू केलीने बाटलीच्या वासाने हरवणारा म्हातारा नट, ट्रेसी-अ‍ॅन ओबरमनने सगळ्यांची भांडणं मिटवत फिरणारी बेलिंडा. जोसेफ मिलसनचा गॅरी जिन्यावरून जो गडगडत येतो, ते बघून माझ्या शेजारच्या आजीबाईंनी माझाच दंड धरला. दिग्दर्शक लिंडसे पोझनर. त्याने २०११ साली ओल्ड विक थिएटरसाठी हेच नाटक एकदा बसवलं होतं. म्हणजे हे पुनरुज्जीवनाचं पुनरुज्जीवन. जोनाथन कॉय तेव्हाही होता आणि आताही, त्याच फ्रेडरिकच्या भूमिकेत. जरा कुठे हाणामारी दिसली की या फ्रेडरिकचं नाक फुटतं.

गेल्या डिसेंबरात पुण्याला आले तेव्हा तो प्रोग्राम बॅगेत टाकला होता. दाखवायचा होता एकाच माणसाला. आम्हा कॉलेजच्या पोरापोरींना प्रकाशयोजना शिकवणारे काका. नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. गुडघ्यांमुळे शिडी सुटली आहे, पण लाइटच्या बोर्डवर अजून बसतात. बालगंधर्वच्या मागच्या बाजूला सेटचा ट्रक लागला होता. रात्री साडेनऊचा प्रयोग, एक जुनं विनोदी नाटक नव्या संचात. दुपारच्या नाटकाचे फ्लॅट (सेटच्या सुट्या भिंती) एका दाराने बाहेर आणि यांचे दुसऱ्याने आत. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि प्रोग्रामातली नावं सोडून आधी पदंच वाचायला सुरुवात केली.

"हे मूव्हमेंटवाले कोण?"

"नटांच्या हालचाली बसवणारे."

"आणि फाइट?"

"मारामारी बसवणारे. पडणं, आपटणं, जिन्यावरून गडगडणं."

"मग दिग्दर्शक काय करतो गं?"

मी सांगितलं, की तो नट आठवड्यातून आठ वेळा त्या जिन्यावरून पडतो, म्हणून कुठल्या पायरीला कुठला हात टेकायचा हे कोणीतरी ठरवून द्यावंच लागतं. काकांना पटलं. आठ प्रयोगांवर मात्र ते थबकले.

"एकाच थिएटरात? रोज?"

"हो. सेट उभा केला की मुक्काम संपेपर्यंत तिथेच."

"मग ट्रकवाला काय करतो?"

या प्रश्नात आपल्या धंद्याचा निम्मा हिशेब आहे. आपलं व्यावसायिक नाटक आज बालगंधर्व, उद्या कोथरूडचं यशवंतराव, परवा चिंचवड असं फिरतं. सेट दोन-तीन तासांत उभा राहायला हवा आणि प्रयोगानंतर त्याहून लवकर ट्रकमध्ये जायला हवा. सायमन हिगलेटने फिनिक्ससाठी केलेलं ते घर दोन मजली, दारंच दारं, आणि प्रत्येक दार धाडकन लावलं तरी भिंत हलत नाही. आपल्याकडे भिंत हलते. लोक हसतात, नट त्यावर एक वाक्य टाकतो, आणि पुढच्या प्रयोगापासून ते वाक्य नाटकातच जातं.

मला वाटतं खरा फरक इथे आहे. फ्रेनच्या संहितेत कोण कुठल्या दाराने आत आला, बशी कोणाच्या हातात, हे सगळं लिहिलेलं आहे. वर तिकडे डेप्युटी स्टेज मॅनेजर म्हणून एक माणूस असतो. त्याच्यापुढे जाड वही, कानाला हेडफोन. प्रत्येक लाइट, प्रत्येक आवाज त्याच्या इशाऱ्यावर. विंगेत लाल दिवा लागला की तयार राहायचं, हिरवा झाला की सोडायचं. चाळीस वर्षांनी नवा संच आला तरी कागद बोलतो. आमच्या ऑफिसातल्या नाटकवेड्या बाईंना मी विचारलं, की १९८२ साली डॉटी कोणी केली होती. पॅट्रिशिया राउटलेज, हे त्यांना पटकन आठवलंही. पण तिच्यासारखं हिने केलं का, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातही नव्हता.

आपल्याकडे तोच पहिला प्रश्न. 'मोरूची मावशी' घ्या. मूळ 'चार्लीज आंट' १८९२ सालचं इंग्लंडचं, अत्र्यांनी ते इतकं मराठी केलं की मावशी परकी वाटतच नाही. बापूराव माने यांची मावशी बघितलेले आता थोडेच उरले असतील, पण विजय चव्हाणांची मावशी अर्ध्या महाराष्ट्राला पाठ आहे. नंतर भरत जाधव लुगडं नेसून उभे राहिले तेव्हा लोक 'टांग टिंग टिंगा'ला हसत होते आणि मनातल्या मनात मोजतही होते. 'हसवा फसवी' पुष्कर श्रोत्रींनी केलं तेव्हाही मूळचे दिलीप प्रभावळकर जणू विंगेत उभेच. कारण आपली विनोदी नाटकं कागदावर निम्मीच असतात. उरलेली नटाच्या पॉजमध्ये, वाढवलेल्या जागांमध्ये. छापील पुस्तकात त्या सापडत नाहीत. सुनील बर्वेंनी 'हर्बेरियम' या उपक्रमात जुनी नाटकं फक्त २५ प्रयोगांपुरती आणली, ती कल्पना मला म्हणूनच शहाणपणाची वाटते. आठवण ताजी करायची आणि तिच्यावर संसार थाटायचा नाही.

मग नवा संच बसवताना त्या जागा कोण सांगतं? मूळ नट गेलेले असतात, दिग्दर्शकही कधी कधी. सांगतात ते काकांसारखे. त्या रात्रीच्या नाटकाच्या तालमीला तिशीतला दिग्दर्शक त्यांच्याशेजारी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून बसायचा. "काका, मूळ प्रयोगात इथे काय व्हायचं?" आणि काका डोळे मिटून सांगायचे, की इथे तो खुंटी नसलेल्या भिंतीवर छत्री टांगायला जायचा आणि छत्री पडायची, इथे बायको आत जाईपर्यंत श्वास धरायचा. तिकडे जे काम जाड वही करते ते इकडे एका माणसाच्या डोक्यात, आणि जाहिरातीत त्याचं नाव नाही. मी हे म्हटल्यावर काका वैतागले. "नाव काय करायचंय? नाइट वेळेवर मिळाली की झालं." नाइट म्हणजे प्रयोगाचे पैसे, लंडनमध्ये राहून विसरलेल्यांसाठी सांगते.

मी विचारलं, हिरवा दिवा नसताना तुम्ही लाइट सोडता कसा? वाक्यावर?

"वाक्यावर सोडला तर मेलो. हशा आला की वाक्य बुडतं. हशा कधी एवढा, कधी तेवढा. मी नटाचा खांदा बघतो. बोलायच्या आधी खांदा वळतो. जुना होता त्याचा डावा वळायचा, हा नवा पोरगा मानेनेच वळतो, म्हणून मी मान धरलीय."

हे मला कुठल्या प्रोग्रामात वाचायला मिळालं नसतं, विकत घेऊनसुद्धा.

छत्रीचं पुढे काय झालं ते मी विचारलंच. नव्या पोराने ती जागा ऐकून घेतली आणि सरळ नाही म्हणाला. ती त्यांची आहे, मी टांगणार नाही, मी छत्री बायकोच्या हातात देईन आणि तिने ती माझ्याकडे परत द्यायची.

"बसली का?"

"पहिल्यांदा नाही बसली. नुसतं खोकत होते लोक. मग त्याने पॉज निम्मा केला आणि चिंचवडला एकदम उसळला हशा. पण आता तो लवकर वळतो आणि माझा लाइट मागे पडतो. आज ते धरायचंय."

एवढं बोलून काकांनी प्रोग्राम माझ्या हातात कोंबला, पोऱ्याला डिमरची वायर तपासायला सांगितली आणि मला म्हणाले, "समोर जाऊन बस. आणि दुसऱ्या अंकात छत्रीकडे बघू नकोस, उजेडाकडे बघ. उशीर झाला तर मध्यंतरात येऊन सांग."

सांगायला गेले होते. किंचित उशीर होता.