रोल्स-रॉइसचं घासणारं दार

तक्रार एवढीच होती की डावं दार खाली घासतं आणि लॉक बसत नाही. गाडी रोल्स-रॉइस 25/30, 1937 सालची, कापडी हुडाची, दोन दारांची. त्या काळी कारखाना इंजिनासकट नुसती चासी, म्हणजे गाडीची खालची पोलादी चौकट, विकायचा आणि बॉडी कोचबिल्डर बांधायचा, गिऱ्हाईक सांगेल तशी. आत ॲश लाकडाचा सांगाडा, वर हाताने ठोकलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. अशा गाडीचं दार बाजारात मिळत नाही. डाव्या-उजव्या दारांची मापंसुद्धा तंतोतंत जुळतील याची खात्री नसते.

रेस्टोरेशन आधीच दुसरीकडे झालेलं. रंग, क्रोम, कातडं सगळं चकाचक. गाडी पावसाळ्यात नागपुरात आली तेव्हा दार नीट लागत होतं, मे महिन्यात लागेना.

या गाडीची दारं मागच्या खांबाला टांगलेली. पुढच्या कडेची फट मोजली: वर 2 मिमी, खाली 7. म्हणजे दार पुढे कलंडलेलं. खालच्या बिजागरीमागे कुणीतरी दीड मिमीची पट्टी घातली होती, म्हणजे दुखणं आधीही दिसलं होतं आणि झाकलं होतं. मग दाराचं मोकळं टोक हाताने उचलून पाहिलं. पिन झिजली असेल तर फक्त बिजागरी खेळते. इथे अख्खा खांब हलत होता. खांबाखाली चासीला जॅक लावून थोडा दाब दिला, तर वरची फट 2 वरून 4 झाली.

उघड्या गाडीत छप्पर नसल्यामुळे सगळा ताण चासीवर आणि दाराखालच्या पाटावर येतो. चपलांच्या खोक्याचं झाकण काढलं की खोकं पिळतं, तसंच. म्हणून दार तासून बसवणं हा उपाय नव्हे. हूड पाडून गाडी खड्ड्यातून गेली की ते परत घासणार.

पाटाचा पत्रा सोडवला आणि कारण दिसलं. खांबाच्या बुडाशी नवं सागवान होतं, पण ओलं बसवलेलं. बाजूच्या पट्ट्यांवर ओलावामापकाने 8 टक्के दाखवलं, या तुकड्याच्या गाभ्यात अजूनही 13. ओलं सागवान इतकं वाळलं की 75 मिमी रुंदीत दीडेक मिमी आकसतं. खाचेतला जोड सैल झाला, स्क्रूंची पकड गेली. नागपूरचा उन्हाळा असलं लाकूड लपवू देत नाही.

लाकूड लकडगंजातून आणलं, जुन्या इमारतीच्या तुळईचं, 9 टक्क्यांवर वाळलेलं. सरळ खांबाला सागवान चालतं. हुडाच्या वाकलेल्या कमानींना मात्र ॲशच बरं. ते वाफेवर वाकतं, सागवान तसं वाकत नाही, 3 मिमीच्या पट्ट्या साच्यावर चिकटवाव्या लागतात. सागवान तेलकट, म्हणून इपॉक्सी लावण्याआधी ॲसिटोनने पुसलं आणि लगेच जोडलं. तासभर थांबलं की तेल परत वर येतं. जुनी स्क्रूची भोकं लाकडी खुंट्यांनी बुजवून नव्याने पाडली. जोड उघडण्याआधी दाराच्या चौकटीत टर्नबकलचा, म्हणजे फिरवून घट्ट करायच्या आटेदार दांड्याचा, आडवा ताण बांधला होता. तो नसता तर चौकट हातात आली असती.

पत्र्याची काठ लाकडावर दुमडलेली असते. एकदा उलगडली की कडक होते, परत दुमडताना चिरते. त्यावर साबण घासायचा आणि गॅसच्या ज्योतीने तापवायचं. साबण काळपट झाला की ज्योत काढायची, पत्रा मऊ झालेला असतो. आणखी तापवलं तर लाल न होताच वितळतो, ॲल्युमिनियम रंग बदलून इशारा देत नाही. पितळी स्क्रू फक्त लाकडात. पत्र्याला ॲल्युमिनियमचेच खिळे, नाहीतर दमटपणात पत्रा कुरतडला जातो.

फटी शेवटी जुळवल्या त्या गाडी चाकांवर, सीटा बसवून, टाकी भरून. स्टँडवर जुळवलेली फट खाली उतरवताच बदलते. बॉडी आणि चासीमधल्या पॅकिंगमध्ये 1 मिमी वाढवलं, बिजागरीमागची ती पट्टी काढून टाकली. वर 4, खाली साडेचार. सेमिनरी हिल्सच्या चढावर हूड पाडून चालवली आणि परत मोजलं, फरक नव्हता.

पाटाच्या खालची पाणी निघायची भोकं रंगकामात बुजली होती. 6 मिमीच्या ड्रिलने उघडली आणि आत मेण फवारलं. मालकांना सांगितलं, जॅक चासीच्या मधोमध लावू नका, ॲक्सलखाली लावा.