तीन जिल्हे, पाच मंत्री आणि रायगडचा अडलेला निर्णय

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांचे १५ टक्के काढले की ४३.२ येतात. अपूर्णांक सोडायचा. उरले मुख्यमंत्र्यांसह ४३ मंत्री. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १६४ मध्ये ही मर्यादा घातली आणि मंत्रिमंडळ फुगवून सगळ्यांची समजूत काढायची जुनी सोय संपली. उपमुख्यमंत्री, कॅबिनेट मंत्री, राज्यमंत्री सगळे याच ४३ मध्ये बसवायचे. विधानसभेचे अध्यक्ष, विधान परिषदेचे सभापती आणि महामंडळांचे अध्यक्ष यात मोजले जात नाहीत, म्हणूनच वाटणीच्या वेळी त्या पदांना भाव येतो. महाडचे भरत गोगावले २०२२ पासून मंत्रिपदाच्या प्रतीक्षेत होते. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांना एसटी महामंडळाचं अध्यक्षपद मिळालं, मंत्रिपद डिसेंबरमध्ये.

आता वाटणीचा हिशोब. पहिला कच्चा आकडा नेहमी आमदारांच्या प्रमाणात काढतात. २०१९ ला शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४, एकूण १५४. ४३ पदं त्या प्रमाणात वाटली तर साधारण १५.६, १५.१ आणि १२.३ येतात. प्रत्यक्षात वाटणी झाली १५, १६ आणि १२. मुख्यमंत्रिपद शिवसेनेकडे गेलं, तेव्हा राष्ट्रवादीला एक मंत्रिपद जास्त आणि काँग्रेसला विधानसभेचं अध्यक्षपद. शिवसेनेने आपल्या १५ मधूनच बच्चू कडू, शंकरराव गडाख आणि राजेंद्र यड्रावकर यांनाही जागा दिली. छोट्या पक्षांचा आणि अपक्षांचा वाटा वेगळा काढत नाहीत, तो कुणाच्या तरी कोट्यातून जातो, आणि ज्याच्या कोट्यातून जातो त्याच्या स्वतःच्या आमदारांत नाराजी उरते.

२०२४ ला हेच गणित वेगळं पडलं. भाजप १३२, शिवसेना ५७, राष्ट्रवादी ४१, मिळून २३०. प्रमाणात पाहिलं तर २४.७, १०.७ आणि ७.७. पण ५ आणि १५ डिसेंबरच्या शपथविधींनंतरची संख्या होती २०, १२ आणि १०, आणि एक जागा रिकामी. मोठ्या पक्षाने चार-पाच जागा सोडल्या. हे औदार्य समजू नये. मित्रपक्ष लहान असला तरी त्याच्याकडेही विभाग, जाती, ज्येष्ठ आणि नवखे अशी सगळी खानेसुमारी असतेच, आणि सात पदांत ती बसत नाही. मोठा पक्ष काही पदं सोडतो आणि त्या बदल्यात खाती राखतो. गृह खातं शिवसेनेला हवं होतं, ते भाजपने ठेवलं. एकनाथ शिंदे यांच्याकडे नगरविकास आणि गृहनिर्माण आलं, अजित पवारांकडे वित्त. महसूल, ग्रामविकास, सार्वजनिक बांधकाम ही गावापर्यंत पोचणारी तिन्ही खाती भाजपकडेच राहिली.

कागदाची वाट तशी सरळ असते. प्रत्येक पक्ष विधिमंडळ पक्षाचा नेता निवडतो, पाठिंब्याची पत्रं राज्यपालांकडे जातात, ते मुख्यमंत्री नेमतात आणि बाकीचे मंत्री मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने नेमले जातात. शपथा दोन घेतल्या जातात, एक पदाची आणि एक गोपनीयतेची. उपमुख्यमंत्रीपद राज्यघटनेत कुठेच नाही, तेही मंत्री म्हणूनच शपथ घेतात. आमदार नसलेल्या माणसालाही मंत्री होता येतं, पण सहा महिन्यांत दोनपैकी एका सभागृहाचं सदस्य व्हावं लागतं.

घोडं अडतं ते या पायऱ्यांच्या मधल्या जागेत. २०१९ ला मुख्यमंत्र्यांसोबत फक्त सहा जणांनी शपथ घेतली आणि पुढचा विस्तार महिन्याने झाला. २०२२ ला ३० जूनपासून ९ ऑगस्टपर्यंत दोनच माणसांचं मंत्रिमंडळ होतं. २०२४ ला विस्तार १५ डिसेंबरला नागपुरात झाला आणि खाती २१ डिसेंबरला जाहीर झाली. खातेवाटप होईपर्यंत शपथ घेतलेला मंत्री बिनखात्याचा असतो आणि फायली मुख्यमंत्र्यांकडे जातात. उशिराचं कारण बहुतेक वेळा एकच: यादी एकदा जाहीर झाली की वगळलेल्या आमदाराला थोपवायला हातात काही उरत नाही, म्हणून प्रत्येक पक्ष शेवटची एक-दोन नावं शक्य तितकी लांबवतो. रिकामी ठेवलेली ४३ वी जागा त्याच कामाची. अनेकांना तिची आशा दाखवता येते.

रायगडच्या ७, रत्नागिरीच्या ५ आणि सिंधुदुर्गच्या ३ मिळून १५ जागा. त्यांतून २०२४ ला पाच मंत्री झाले: उदय सामंत, योगेश कदम, नितेश राणे, आदिती तटकरे आणि भरत गोगावले. संख्येने कोकणाचं भलं झालं यात वाद नाही. पण संख्या मोजून थांबू नये, खातं पाहावं.

मत्स्यव्यवसाय आणि बंदरे ही दोन खाती एकाच मंत्र्याकडे, नितेश राणेंकडे, आली ही चांगली गोष्ट. जेट्टी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आणि नौकांचे परवाने मत्स्यव्यवसायाकडे, अशी ओढाताण किमान एका टेबलावर येते. तरीही पर्ससीन (मोठ्या गोल जाळ्याच्या) आणि एलईडी (दिव्यांच्या झोतातल्या) मासेमारीवर कारवाई करायची तर समुद्रात गस्त लागते, सागरी पोलीस गृह खात्याकडे, नौका आणि डिझेलचा पैसा वित्त खात्याकडे. रोजगार हमी, फलोत्पादन आणि खारभूमी विकास ही गोगावलेंची तीन खाती मुंबईत बसून पाहणाऱ्याला हलकी वाटतात. ज्याला १९९० ची रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना माहीत आहे त्याला तसं वाटणार नाही, कोकणातल्या कितीतरी उजाड कातळावर आणि वरकस जमिनीवर हापूस आणि काजू तिच्यामुळे उभा राहिला. समुद्राचं खारं पाणी अडवणाऱ्या खारबांधाला उधाणात खांड पडली की भाताची जमीन काही वर्षं हातची जाते, आणि बांध वेळेत सांधला जाणार की नाही हे त्या तिसऱ्या खात्यावर अवलंबून. मुंबई-गोवा महामार्ग मात्र यांतल्या कुणाच्याच खात्यात नाही. रस्ता केंद्राचा; पनवेल ते इंदापूरचं काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि पुढे झारापपर्यंत राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या महामार्ग विभागाकडे. त्याबद्दल मंत्र्यांना जाब विचारताना निदान कुठल्या मंत्र्याला विचारायचा हे ठाऊक हवं.

राज्यमंत्रिपदाचंही असंच आहे. योगेश कदमांकडे गृह (शहरे), महसूल, ग्रामविकास अशी मोठी नावं आहेत. पण राज्यमंत्र्याला अधिकार मिळतात ते कॅबिनेट मंत्री वाटून देईल तेवढेच. कॅबिनेट मंत्री एका पक्षाचा आणि राज्यमंत्री दुसऱ्या पक्षाचा असेल तर हे अधिकारवाटप महिनोन् महिने रखडू शकतं. एकमेकांवर लक्ष ठेवायला म्हणून मुद्दाम अशा जोड्या लावतात, आणि खोळंबा होतो लोकांच्या अपिलांचा.

एवढं सगळं झाल्यावर पालकमंत्री येतो. माझ्या मते युतीची खरी परीक्षा इथेच असते. घटनेत हे पद नाही, शपथ नाही. पण पालकमंत्री हा जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष असतो आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव. साकव, पाखाडी, स्मशानभूमीची शेड, शाळेची कौलं, ग्रामीण रस्ता, क वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा ही कामं या समितीच्या यादीतून जातात. समितीत बहुसंख्य सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यायचे असतात. त्या निवडणुका लांबल्या की अध्यक्षाचं वजन आपोआप वाढतं. यादीत कुठला तालुका वर आणि कुठला खाली हे ज्याच्या हाती, त्याचा पक्ष पुढच्या निवडणुकीला वाडीवाडीत पोचतो.

रायगडचा आकडा पाहा. २०२४ ला सातपैकी पनवेल, उरण, पेण भाजपकडे, कर्जत, अलिबाग, महाड शिवसेनेकडे आणि श्रीवर्धन राष्ट्रवादीकडे. मंत्री दोन: एक शिवसेनेचा, एक राष्ट्रवादीचा. शिवसेनेचं म्हणणं, आमचे आमदार तीन, त्यांचा एक. राष्ट्रवादीकडे विद्यमान मंत्री आणि जिल्ह्याचा खासदार. १८ जानेवारी २०२५ च्या यादीत आदिती तटकरे यांचं नाव आलं आणि दुसऱ्याच दिवशी रायगड आणि नाशिक या दोन्ही नेमणुकांना स्थगिती मिळाली. शेजारी रत्नागिरीत सामंत आणि सिंधुदुर्गात राणे यांच्या नेमणुका मात्र टिकल्या. सिंधुदुर्गात मंत्रीच एक होता आणि रत्नागिरीत दोघे एकाच पक्षाचे, त्यामुळे भांडण पक्षापक्षांत गेलं नाही. रायगडची अवस्था सामाईक सातबाऱ्यासारखी. नावं सगळ्यांची आहेत, हिस्से तोंडी मान्य आहेत, पण मोजणी करून हद्द घालायची वेळ आली की कुणी सही करत नाही. २०२५ च्या १५ ऑगस्टला झेंडा कुणी फडकवायचा हेही मग वेगळ्या आदेशाने ठरवावं लागलं.

बांद्याच्या पलीकडे गोव्यात आकडे लहान म्हणून हेच सगळं जास्त उघड दिसतं. ४० चे १५ टक्के ६ होतात, पण घटनेने किमान १२ ची मुभा दिली आहे, म्हणून तिथे ४० आमदारांत १२ मंत्री. २०१७ ला १३ आमदारांच्या भाजपने गोवा फॉरवर्ड आणि मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) या तीन-तीन आमदारांच्या पक्षांना आणि अपक्षांना घेऊन सरकार केलं, आणि गोवा फॉरवर्डचे तिन्ही आमदार मंत्री झाले. मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर गेल्यावर मार्च २०१९ मध्ये दोन्ही मित्रपक्षांना एकेक उपमुख्यमंत्रिपद मिळालं. आठवड्याभरात मगोचे तीनपैकी दोन आमदार भाजपमध्ये विलीन झाले. पक्षांतरबंदी कायद्यातली विलीनीकरणाची दोन तृतीयांशची अट तीन जणांच्या पक्षात दोघांनीच पुरी होते. जुलैत काँग्रेसचे दहा आमदार आले आणि गोवा फॉरवर्डच्या तिघांनाही मंत्रिमंडळातून वगळलं. पाठिंब्याची गरज संपली, तशी पदंही गेली.

रायगडने हे उलट्या दिशेनेही पाहिलंय. १९९९ च्या विलासराव देशमुखांच्या सरकारात शेतकरी कामगार पक्षाचे दोन मंत्री होते, सांगोल्याचे गणपतराव देशमुख आणि अलिबागच्या मीनाक्षी पाटील. रायगड जिल्हा परिषदेच्या सत्तेसाठी राष्ट्रवादीने शिवसेनेशी हातमिळवणी केली आणि २००२ मध्ये शेकापने राज्य सरकारचा पाठिंबा काढला. नारायण राणे तेव्हा विरोधी पक्षनेते होते. सरकार जूनमध्ये विश्वासदर्शक ठरावावर तरलं, पण सरकारला त्या ठरावापर्यंत आणणारं भांडण अलिबागच्या जिल्हा परिषदेतलं होतं.