धूर नाही आणि पिकअपही नाही

डिझेल गाडी ओढत नाही अशी तक्रार घेऊन कोणी आले की माझा पहिला प्रश्न धुराविषयी असतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर मागून काळा धूर निघत असेल, तर डिझेल पुरेसे जाते आहे आणि हवा कमी पडते आहे असे समजायचे. मग तुंबलेला हवेचा फिल्टर, हवा दाबून इंजिनात भरणारा पण थकलेला टर्बो किंवा ती दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा फाटलेला पाइप यांपैकी कुठेतरी दोष सापडतो. धूर अजिबात नाही आणि तरीही गाडी उचलत नाही, असे असेल तर इंजिनाला डिझेलच कमी सोडले जाते आहे, आणि ते कोण व का अडवते आहे, हे शोधावे लागते. ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असताना बारामती एमआयडीसीतील माझ्या गॅरेजमध्ये आलेली एक स्विफ्ट डिझेल या दुसऱ्या प्रकारातली होती.

गाडी एका तरुण मुलाची होती. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टची नोकरी, घर माळेगाव कारखान्याच्या बाजूला, त्यामुळे रोजचा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांमागून आणि खडीच्या डंपरांमागून. सोबत त्याचे वडील होते. मुलाने सांगितले, "काका, गणपतीच्या सुमाराला हाय-फ्लो फिल्टर टाकला, तेव्हा गाडी एकदम मोकळी झाली होती. आता महिनाभर झाला, चढाला तिसऱ्यातसुद्धा रडते." वडिलांनी त्याच्याकडे पाहिले आणि मला म्हणाले, "चांगल्या चालत्या गाडीला हात लावायची गरज काय होती, ते आधी विचारा त्याला."

हे १२४८ सीसीचे इंजिन आमच्या भागातल्या प्रत्येक मिस्त्रीच्या हाताखालून गेलेले आहे. त्याचा १९० न्यूटन-मीटरचा टॉर्क २००० आरपीएमला मिळतो आणि त्याच्या खाली ते मुळातच सुस्त असते, म्हणून अशा तक्रारीवर गाडी स्वतः चालवून पाहिल्याशिवाय मी काही बोलत नाही. या गाडीत मात्र दोन हजारांच्या वरही जोर येत नव्हता. आरशात पाहिले तर मागे स्वच्छ हवा. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवाही नव्हता आणि स्कॅनरवर एकही फॉल्ट कोड नोंदलेला नव्हता. अशा वेळी कोड वाचून स्कॅनर बाजूला ठेवणाऱ्यांचा धंदा पार्ट बदलून पाहण्यावर चालतो. खरी माहिती लाइव्ह डेटामध्ये, म्हणजे इंजिन चालू असताना सेन्सर क्षणाक्षणाला देत असलेल्या आकड्यांमध्ये असते.

तिथे मला हवेचा आकडा पाहायचा होता. फिल्टरच्या पुढे, स्वच्छ हवेच्या वाटेत, हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असतो. त्यात एक बारीक पट्टी विजेवर तापवून ठेवलेली असते आणि तिच्यावरून जाणारी हवा तिला थंड करत असते. बशीतल्या चहावर जितक्या जोराने फुंकावे तितका तो लवकर निवतो, तसाच हा प्रकार. पट्टी तापती ठेवण्यासाठी किती वीज लागली, यावरून किती हवा गेली हे इंजिनाचा संगणक ठरवतो, आणि हवेच्या हिशेबानेच डिझेलची कमाल मर्यादा घालतो, म्हणजे धूर होऊ नये. सेन्सरने हवा कमी सांगितली की संगणक डिझेलही कमी सोडतो. हवा प्रत्यक्षात पुरेशी असल्यामुळे धूर होत नाही, फक्त गाडी मरगळते. समोरच्या गाडीचे लक्षण नेमके हेच होते.

सेन्सर खरे सांगतो की खोटे, हे ताडण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. १२४८ला चारने भागले की एका सिलिंडरचे ३१२ घनसेंटिमीटर होतात. बारामतीच्या उंचीवर एक लिटर हवेचे वजन साधारण १.१ ग्रॅम धरले, तर आयडलिंगला, म्हणजे टर्बोचा दाब नसताना, एका स्ट्रोकला जास्तीत जास्त ३४० मिलिग्रॅमच्या आसपास हवा आत गेली पाहिजे. तेव्हा सिलिंडर पूर्ण भरत नसल्यामुळे तीनशेच्या थोडे वर वाचन आले तरी मी समाधान मानतो. स्कॅनरवरून ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप, बंद ठेवून पाहिले, तेव्हा आकडा २२५ दाखवत होता. इंजिन व्यवस्थित फिरत असताना एवढी हवा कुठे नाहीशी होणार? म्हणजे मोजणाराच चुकत होता.

सेन्सर काढला तेव्हा त्या पट्टीवर लालसर तेलाचा पातळ थर होता आणि त्यात बारीक माती चिकटलेली होती. ते तेल कुठून आले, हे विचारावे लागले नाही. बाजारात मिळणारे बहुतेक हाय-फ्लो फिल्टर सुती जाळीचे असतात; कापडाच्या घड्या दोन्ही बाजूंनी तारेच्या जाळीत धरलेल्या असतात आणि कापडाला विशिष्ट तेल लावलेले असते, कारण त्या विरळ विणीतून धूळ अडते ती मुख्यतः तेलाला चिकटून. फिल्टर मळला की त्याच्याच क्लीनरने धुवायचा, साध्या पाण्याने आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूकडे हलक्या धारेने खळबळायचा, सावलीत पूर्ण वाळवायचा आणि प्रत्येक घडीवर तेलाची एक बारीक ओळ सोडून ते आपोआप पसरेपर्यंत थांबायचे. मुलाने डिसेंबरात तो घरीच धुतला होता आणि जास्त तेल म्हणजे जास्त संरक्षण या समजुतीने बाटली जवळजवळ रिकामी केली होती. फिल्टर बसतो त्या डब्याच्या तळाशी तेलाचे ओघळ अजून ओले होते.

वडिलांनी इथे जो प्रश्न विचारला, तो मला त्या दिवसातला सर्वांत शहाणा प्रश्न वाटला. "आमच्या जुन्या ट्रॅक्टरच्या फिल्टरला तर तेलाची अख्खी वाटीच असते. त्याला इतक्या वर्षांत काही झालं नाही, मग याला कसं झालं?" ट्रॅक्टरच्या ऑइल बाथमध्ये हवा खाली येऊन तेलावर आपटते आणि एकदम वळून वर जाते, जड धूळ तेलात पडते, उरलेली वरच्या जाळीत अडकते. त्या इंजिनात हवा मोजणारा सेन्सर नसतो, त्यामुळे थोडीशी तेलाची वाफ आत गेली तरी कुणाला चुकीची बातमी पोहोचत नाही. तरीही त्या वाटीला खूण असते आणि तिच्यावर तेल भरायचे नसते, कारण डिझेल इंजिन ओढले गेलेले तेलही इंधन म्हणून जाळते आणि मग ॲक्सिलरेटर सोडला तरी थांबत नाही. हे त्यांना लगेच पटले; खुणेची गोष्ट त्यांना माझ्याहून चांगली ठाऊक होती.

एमएएफ सेन्सरसाठी वेगळा स्प्रे मिळतो. कार्बोरेटर क्लीनर किंवा पेट्रोलचा बोळा त्या पट्टीला लावू नये, आणि ती बोटाने किंवा कापडाने पुसू तर मुळीच नये. स्प्रे मारून, पूर्ण सुकू देऊन सेन्सर परत बसवला, तेव्हा वाचन ३०५वर आले. तक्रार मिटली होती आणि बिल करून गाडी सोडता आली असती. पण सेन्सरवर तेलाबरोबर माती होती, आणि फिल्टरच्या पुढे माती असायलाच नको.

डब्याच्या आतल्या, म्हणजे फिल्टर झाल्यानंतरच्या बाजूने पांढरे फडके फिरवले, तर एका कोपऱ्यात धुळीचा सरळ पट्टा उमटला. त्या हाय-फ्लो फिल्टरची रबरी कड मूळ कडेपेक्षा किंचित जाड होती, त्यामुळे झाकणाची एक क्लिप लागल्यासारखी दिसत असली तरी तिथे पुरती बसत नव्हती आणि कोपऱ्यात नखाएवढी फट राहत होती. टर्बोकडे जाणारा पाइप काढून बोट फिरवले, तेव्हा कचकच लागली. टर्बोच्या पात्यांच्या कडा थोड्या बोथट झाल्या होत्या. शाफ्टचा खेळ, म्हणजे ढिलेपणा, मात्र मर्यादेत होता. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या धुळीत सिलिका मुबलक असते आणि ती लोखंडाला घासते. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते. इंजिनाची झीज करणारी धूळ बरीचशी ५ ते २० मायक्रॉनची, डोळ्यांना कण म्हणून न दिसणारी असते, कारण ऑइलच्या थराच्या जाडीत शिरून दोन्ही पृष्ठभागांना एकाच वेळी ओरखडे काढणे तिलाच जमते.

मुलगा या सगळ्याने हिरमुसला होता, तरी त्याचा एक मुद्दा तो सोडत नव्हता: फिल्टर टाकल्यावर गाडी खरोखरच मोकळी झाली होती. असे बोलणे हसण्यावारी नेणे मला आवडत नाही, कारण ग्राहकाला जे जाणवले त्याला काहीतरी कारण असतेच. त्याच्या डिकीत मूळचा मळका कागदी फिल्टरही होता आणि माझ्याकडे नवीन कागदी होता, म्हणून मोजूनच पाहायचे ठरवले. आरपार नळी यू आकारात फळीवर ठोकलेली आणि तिच्यात रंग टाकलेले पाणी, एवढेच माझे यंत्र. एक टोक उघड्या हवेत आणि दुसरे फिल्टरनंतरच्या पाइपला निपल काढून जोडलेले. फिल्टर हवेला जितका अडवील, तितका दोन बाजूंच्या पाण्यात फरक पडतो. माझा हेल्पर ती फळी आणि फूटपट्टी धरून मागच्या सीटवर बसला, वडील पुढे बसले आणि मुलाने भिगवण रस्त्याच्या मोकळ्या टप्प्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन गाडी पळवली.

मळक्या कागदी फिल्टरला पाण्यातला फरक ३४ सेंटिमीटर आला, नव्या कागदी फिल्टरला २१, आणि त्याच्या हाय-फ्लो फिल्टरला १४. मुलाचा चेहरा खुलला. मी डबा उघडून जास्तीचे तेल टिपले, फिल्टरच्या रबरी कडेला भोवताली ग्रीस भरून ती फट बंद केली आणि पुन्हा तीच धाव घ्यायला लावली. आता फरक १७ भरला. म्हणजे नव्या कागदी फिल्टरपेक्षा सात सेंटिमीटरने 'मोकळ्या' वाटणाऱ्या त्या हवेत तीन सेंटिमीटरचा वाटा कोपऱ्यातल्या फटीचा होता. ती हवा फिल्टरमधून जातच नव्हती. इतकी वर्षे हे काम करूनही फटीचा वाटा एवढा मोठा निघेल असे मला वाटले नव्हते.

उरलेल्या चार सेंटिमीटरचे मोल काय, तेही त्याच्यासमोर मांडले. वातावरणाचा दाब पाण्याच्या उंचीत मोजला तर समुद्रसपाटीला सुमारे १०.३ मीटर आणि बारामतीत साडेनऊ मीटरच्या थोडा वर भरतो. त्यातले चार सेंटिमीटर म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी, आणि टर्बो असलेल्या इंजिनात तेवढी तूट टर्बोच भरून काढतो. गणपतीत त्याला जो फरक जाणवला तो मळका फिल्टर निघाल्याचा होता. नवा कागदी टाकला असता तरी त्यातला मोठा भाग मिळाला असता. शिवाय विरळ फिल्टरमधून हवा ओढण्याचा आवाज वाढतो, आणि आवाज वाढला की जोर वाढल्यासारखे वाटते. ॲव्हरेजची आशाही त्याला होती. तिच्याबाबत अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली इंधन-इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांवर केलेल्या चाचण्या मी सांगतो: मुद्दाम तुंबवलेल्या फिल्टरनेही मायलेजवर लक्षणीय परिणाम झाला नाही, वेग घेण्याला मात्र जास्त वेळ लागला. फिल्टर तुंबूनही ॲव्हरेज पडत नाही, तर तो आणखी मोकळा करून ते वाढायचे कसे?

धुळीचा हिशेब मात्र उलट्या दिशेने जातो. समजा फिल्टरपर्यंत १०० ग्रॅम धूळ पोहोचली. ९९ टक्के अडवणारा फिल्टर १ ग्रॅम आत सोडतो, ९७ टक्के अडवणारा ३ ग्रॅम. फिल्टरच्या खोक्यावर छापताना दोन्ही आकडे भारीच दिसतात, पण इंजिनाच्या वाट्याला तिप्पट माती येते. म्हणून आयएसओ ५०११ या मानकानुसार फिल्टर तपासताना हवेला होणारा विरोध, धूळ अडवण्याची क्षमता आणि धूळ साठवण्याची क्षमता अशी तिन्ही मोजली जातात. जाहिरातीत मात्र बहुधा पहिलीच येते. शर्यतीच्या गाडीला, जिचे इंजिन दर थोड्या दिवसांनी उघडले जाते आणि ट्यूनिंगही त्या हवेच्या हिशेबाने केलेले असते, तिला असा फिल्टर शोभतो, आणि तिथे मी स्वतः तो बसवीन. उसाच्या ट्रॉलीमागे धावणाऱ्या गाडीला तो का लावावा, याचे उत्तर मला सापडलेले नाही. काही शे रुपयांचा कागदी फिल्टर धुळीच्या रस्त्यावर वेळेआधी बदलला, तरी एका टर्बोच्या किमतीत तो कित्येक वर्षे पुरतो.

त्या दिवशी नवा कागदी फिल्टर बसवला, चारही बाजूंची कड खोबणीत बसल्याची बोटाने खात्री केली, टर्बोपर्यंतचा आणि इंटरकूलरचा पाइप काढून धुतला आणि ऑइल व ऑइल फिल्टर बदलले. निघालेल्या ऑइलकडे पाहून त्यातली माती कळत नाही, ते काळेच असते. म्हणून ऑइल किती खर्च होते यावर लक्ष ठेवायला आणि पुढची सर्व्हिस लवकर करायला सांगितले. वडिलांनी पैसे दिले आणि तो हाय-फ्लो फिल्टर मुलाच्या हातात ठेवला.

पुढच्या सर्व्हिसला गाडी आली तेव्हा ऑइलची पातळी खुणेवर होती, हवेचे वाचन ३१०च्या आसपास होते आणि फडके डब्यातून स्वच्छ निघाले. पिकअपबद्दल मुलाची काही तक्रार नव्हती. आवाज गेला, एवढे मात्र तो दोनदा म्हणाला.